उजव्या खांद्यावरचा पदर

वहिनींनी मला विचारलेला पहिला प्रश्न असा होता: ‘‘तू ह्याची बायको कशावरून?’’

मी नुकतीच लग्न होऊन अंबरनाथच्या त्या इमारतीत राहायला आले होते. नवरा कामावर गेला होता. समोरच्या दारात एक बुटकी, सावळी बाई एक हात कमरेवर ठेवून, डोळे बारीक करून माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, थट्टा करतायत. मी हसले. त्या हसल्या नाहीत. ‘‘लग्नाचा फोटू हाय?’’ त्यांनी विचारलं. मी आपली मुकाट्यानं आत गेले आणि अल्बम घेऊन आले. त्यांनी एकेक पान उलटलं, एकदा फोटोकडे बघायचं, एकदा माझ्याकडे. शेवटी म्हणाल्या, ‘‘हितं गोरी दिसतंस.’’ अल्बम परत दिला आणि घरातून सुकटीच्या चटणीची वाटी आणून माझ्या हातात ठेवली. ‘‘खातंस ना? का फोटूतली खाते आनि तू खात नाय?’’

अशी आमची ओळख झाली. पुढे कितीतरी वर्षं आम्ही समोरासमोरच्या दारांत राहिलो. सगळी इमारत त्यांना वहिनी म्हणायची आणि त्यांच्या यजमानांना भाऊ. वहिनींचं माहेर बदलापूरजवळ जांभूळला, भातशेतीवाल्यांचं. ‘मला’ म्हणायचं असेल तर त्या ‘मना’ म्हणत, आणि ‘ळ’ हे अक्षर त्यांच्या तोंडात कधी आलंच नाही. भाऊ त्याच बाजूचे, पण शिकून त्यांचं बोलणं धुऊन निघालं होतं. शिवाय ते बोलायचेही फार थोडं.

वहिनींचा कोणावरही विश्वास नव्हता, आणि त्यात आपपरभाव अजिबात नव्हता. नारळ घ्यायचा तर आधी स्वतः हलवायचा, मग दुकानदाराला हलवायला लावायचा आणि दोघांच्या हातात सारखाच वाजतो का ते ऐकायचं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या की विचारायचं, ‘‘तुमी घरात ह्याच देता काय?’’ गॅसवाल्याला जिन्यातच थांबवून त्याच्या मालकाचं नाव विचारायचं, आणि त्यानं सांगितलं की ‘मना ठावंच होतं’ असा चेहरा करायचा. त्यांना ते नाव कुठलं ठाऊक असायला! आमच्या नळाला पाणी यायचं ते जांभूळच्या बाजूनं, म्हणजे अगदी त्यांच्या माहेरचं. तरी त्या उकळल्याशिवाय घोटभर प्यायच्या नाहीत. मी एकदा म्हटलं, ‘‘वहिनी, निदान माहेरच्या पाण्यावर तरी विश्वास ठेवा.’’ त्या म्हणाल्या, ‘‘म्हनून तर उकलते. म्हायेरची मानसं वलखते मी.’’

आता भाऊंबद्दल सांगायला हवं. ते एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होते. दिवसभर यंत्रांच्या सुट्या भागांची चित्रं काढायची आणि संध्याकाळी घरी येऊन माणसांची. एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत त्यांचं व्यंगचित्र यायचं. सदराचं नाव ‘चौकशी’. त्यात दर रविवारी एक बुटकी बाई दारात उभी असायची. एका हातात पळी, दुसरा हात कमरेवर, डोळे बारीक. समोर कोणीतरी असायचं आणि ती त्याला काहीतरी विचारायची. मतं मागायला आलेला उमेदवार, मुलगी बघायला आलेलं स्थळ, सत्यनारायणाला आलेले भटजी, कोणी सुटत नसे. एकदा तर दारात यमराज उभा होता, मागे रेडा. खाली बाईचं वाक्य होतं, ‘रेडा तुमचाच कशावरून?’

ते चित्र बघून आमची इमारत हसून हसून लोळली. त्या आठवड्यात जो तो जिन्यात वहिनींना अडवून म्हणायचा, ‘‘वहिनी, यमाला पण नाही सोडलंत!’’ वहिनी एकच उत्तर द्यायच्या, ‘‘ती मी नाय.’’ सगळ्यांना वाटायचं, लाजतायत. मलाही तसंच वाटायचं. खरं तर वहिनी आणि लाजणं या दोन गोष्टी एकत्र येऊ शकत नाहीत हे आमच्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

एका दुपारी आम्ही दोघी त्यांच्या घरात सुकवलेल्या कोलंबीचे सोडे निवडत बसलो होतो. खाली जुना पेपर पसरला होता आणि त्यात नेमकी ‘चौकशी’ होती. वहिनींनी सोडे बाजूला सारले आणि चित्रावर बोट ठेवलं.

‘‘पदर बघ.’’

मी बघितला. पदर होता.

‘‘कंच्या खांद्यावर हाय?’’

बाईचा पदर उजव्या खांद्यावर होता. आपण मराठी बायका पदर डाव्या खांद्यावर घेतो, हे सांगायला नको. मी म्हटलं, चुकलं असेल. त्यांनी बोट खाली नेलं. ‘‘पली कंच्या हातात हाय?’’ पळी डाव्या हातात होती. ‘‘मी डावरी हाय काय?’’ त्या नव्हत्या. मग बोट कपाळावर गेलं. बाईचं कुंकू जरा डाव्या भुवईकडे कललेलं होतं. वहिनींचं उजवीकडे कललेलं असायचं. आरशात बघून कुंकू लावणं त्यांना मान्यच नव्हतं. ‘मी काय नाटकात काम करते?’ म्हणायच्या. बोट बुडवायचं आणि अंदाजानं टेकवायचं.

‘‘छापताना उलटं झालं असेल,’’ मी म्हटलं.

‘‘मंग खालची अक्षरं का नाय उलटी झाली?’’

त्यांनी जुने पेपर काढले. पाहावं त्या चित्रात तेच, पदर उजवा, हात डावा, कुंकू त्या अंगाला. तोंडवळा वहिनींचा, उभं राहणं वहिनींचं, कमरेवरचा हात आणि बारीक डोळे सगळं वहिनींचं. पण बाई दुसरी.

‘‘भाऊंना विचारलंत?’’

‘‘इचारलं ना. म्हनतात, चित्रातली बाई चित्रातली असते.’’ एवढं बोलून त्या सोडे निवडू लागल्या. मग मान वर न करता त्यांनी जे सांगितलं ते मी विसरलेली नाही.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत भाऊंनी त्यांना समोर पाटावर बसवलं होतं, चित्र काढायला. ‘‘ह्ये बगतात, बगतात, डोला लवत नाय. मना वाटलं, ह्यांच्या मनात काय कालं हाय. मी म्हटलं, काय बगताव? तोंडाला काय लागलंय? तरी बगतात. मंग मी उठले. म्हटलं, पुन्ना माझ्याकडं असं बगायचं नाय.’’ वहिनींनी एक सोडा बाजूला टाकला. ‘‘तवापासून बगितलं नाय त्यांनी. जेवताना ताटाकडं, बोलताना भिंतीकडं. आता तूच सांग बाय, जो मानूस बायकोकडं बगतच नाय, तो चित्र काढतो ते कोनाकडं बगून?’’

म्हणजे प्रश्न व्यंगचित्राचा नव्हताच. आपला नवरा रोज संध्याकाळी ज्या बाईचा विचार करतो ती आपण आहोत की दुसरीच कोणी, हे त्यांना हवं होतं. मला त्यांची फार दया आली, पण तसं दाखवलं असतं तर त्यांनी ताबडतोब माझ्यावर संशय घेतला असता.

त्या घराची मांडणी इथे सांगून ठेवते. एक खोली, तिला लागून स्वयंपाकघर, मधे दार नाही, नुसती चौकट. भाऊंचं टेबल खोलीच्या पलीकडच्या भिंतीला लागून, म्हणजे ते बसले की स्वयंपाकघराकडे पाठ. टेबलाला चिकटून लोखंडी कपाट, आणि कपाटाच्या दाराला उंच आरसा. भाऊंना पूर्ण टक्कल होतं. अशा माणसाचं टेबल आरशाशेजारी कशाला, यावर इमारतीत विनोद चालायचे. वहिनी म्हणायच्या, ‘‘उगवलं काय ते बगतात.’’ त्यांच्या टेबलाला मात्र कोणी हात लावायचा नाही आणि त्यांच्या स्टुलावर कोणी बसायचं नाही, असा वहिनींचाच नियम होता. संशय कितीही असला तरी नवऱ्याच्या कामाचा मान त्यांनी सोडला नाही.

तर वहिनींनी शोध सुरू केला. हवी होती एक डावरी बाई, बुटकी, पदर उजव्या खांद्यावर घेणारी. त्या संक्रांतीला त्यांनी हळदीकुंकू केलं, तेही असं की मागच्या दोन इमारतींतल्या बायकांनासुद्धा बोलावणं गेलं. बायकांना नवल वाटलं. मला वाटलं नाही. आता तिळगूळ घ्यायला डावरी बाईसुद्धा उजवा हात पुढे करणार, हे वहिनींना माहीत होतं. म्हणून त्यांनी तिळगूळ कोणाच्या हातात दिलाच नाही. ‘‘घे गं!’’ म्हणायचं आणि लाडू हवेत उडवायचा. अंगावर आलेली वस्तू माणूस आपल्या खऱ्या हातानं झेलतो, हा त्यांचा हिशोब. जरीच्या साड्या नेसून आलेल्या भल्याभल्या बायका लाडू झेलायला उड्या मारत होत्या. निम्मे लाडू जमिनीवर पडले, एक एका आजीबाईंच्या चष्म्यावर बसला. तळमजल्यावरच्या एका गुजराती बाईनं मात्र अचूक डाव्या हातानं झेलला. पदरही उजवा. वहिनींचे डोळे चमकले. पण ती चांगली ताडमाड उंच होती, चौकटीत मान वाकवून शिरणारी. वहिनींनी तिला वरून खालून बघितलं आणि नाइलाजानं सोडून दिलं.

मग उरली उल्हासनगरची. भाऊ अधूनमधून रविवारी उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात जायचे. तिथे एक सिंधी बाई घरी पापड करायच्या, आणि पाकिटांवरचं चित्र भाऊ काढून द्यायचे. हे वहिनींना माहीत होतं, पण संशयाच्या उजेडात त्यांनी ते आता नव्यानं बघितलं. एक दिवस मला म्हणाल्या, ‘‘चल, पापड आनायचेत.’’ पिशवीत पापडासाठी डबा होता आणि डब्यात घडी केलेली ‘चौकशी’.

आम्ही रिक्षानं गेलो. दारावर नाव शोधत होतो तेवढ्यात आतून हाक आली, ‘‘अचो, वेहो! बैठो बैठो!’’ बाई साठीच्या घरातल्या, गोऱ्यापान, गोल, डोक्यावरून पदर उजव्या खांद्यावर आलेला आणि बुटक्या. मी वहिनींकडे बघितलं. त्यांचा हात कमरेवर गेला होता.

सिंधी घरात पाहुणा आला की आधी पाणी आणि भाजलेला पापड. त्याप्रमाणे ताटली पुढे आली. वहिनी पापडाला शिवल्या नाहीत. बाईंनी एक तुकडा मोडून स्वतः खाल्ला तेव्हा त्यांनी खाल्ला. नजर सगळी बाईंच्या हातावर. पाणी दिलं ते उजव्या हातानं. पापड लाटत होत्या तेही उजव्या हाताच्या जोरानं. तरी खात्री करायला वहिनींनी डब्याचं झाकण मुद्दाम खाली पाडलं आणि बाईंनी ते उजव्या हातानं उचलून दिलं. वहिनींच्या तोंडावर निराशा आली की सुटका झाल्याचं समाधान, मला कळलं नाही. दोन्ही असावं.

मग त्यांनी सरळ पेपरच बाहेर काढला. ‘‘ये औरत कोन है? तुमको मालूम है?’’

बाईंनी चष्मा लावला. चित्र बघितलं, वहिनींना बघितलं आणि खदखदून हसल्या. ‘‘अरे, ये तो तू है! देख, कमर पे हाथ, आँख छोटी. अभी तू मेरे को ऐसे ही देख रही है!’’

‘‘पदर देखो,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘ये मेरा नहीं है.’’

‘‘पल्लू तो मेरे जैसा है,’’ बाई म्हणाल्या, ‘‘लेकिन गुस्सा तेरा है.’’

परत येताना रिक्षात वहिनींनी पेपरची पुन्हा घडी केली. अंबरनाथ आलं तेव्हा म्हणाल्या, ‘‘म्हंजे राग माझा घेतला आनि बाई दुसरी घेतली. चांगला हाय मानूस.’’ पापड मात्र पुढे कायम तिथूनच यायला लागले. बाईवरचा संशय फिटला होता, आणि वहिनी अन्याय करणाऱ्या नव्हत्या.

नव्वद साल उलटून गेलं तशी बदलापुराकडे इमारतींवर इमारती उठायला लागल्या. सोनिवलीला वहिनींच्या भावांची जमीन होती, तिच्यावर बिल्डरनं इमारत बांधली आणि बहिणीच्या वाट्याला एक फ्लॅट आला. भावांनी सांगितलेल्या मापावर वहिनींनी अर्थातच विश्वास ठेवला नाही. साडी घेऊन गेल्या, हॉलमध्ये जमिनीवर अंथरली, पाचवारीत किती बसतो ते बघितलं आणि मग होकार दिला. भाऊंना अंबरनाथ सोडायचं नव्हतं. पण वहिनींचं ठरलं होतं. मला म्हणाल्या, ‘‘ती जी कोन हाय ती ह्याच गावात हाय. तिकडं गेल्यावर बी चित्रात तीच आली, तर मी उठून जांभूलला भावांकडं ऱ्हायला जानार. मंग चित्रातलीनं ह्यांना जेवायला घालावं.’’

त्या बोलतात तसं करतात हे मला माहीत होतं. भावजयांना उकळलेलं पाणी भरायला लावून त्या आरामात राहिल्या असत्या. आणि भाऊ त्यांना थांबवायला एक शब्द बोलले नसते, कारण त्यांना बोलताच यायचं नाही.

सामान हलवायच्या दिवशी भाऊ टेम्पोच्या पहिल्या खेपेबरोबर पुढे गेले. मी मदतीला होते. वहिनी स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्या राहून उरलेली आमटी डब्यात भरत होत्या आणि मला सांगत होत्या की हमाल दोघे दिसतायत पण खाली तिसरा असणार. भाऊंचं टेबल आवरायचं काम मी घेतलं. शाईच्या बाटल्या कागदात गुंडाळायच्या होत्या आणि वाकून वाकून पाठ भरून आली होती, म्हणून पहिल्यांदाच मी त्यांच्या स्टुलावर बसले. बसले आणि सहज मान वर केली.

समोर कपाटाच्या आरशात ‘चौकशी’तली बाई उभी होती.

मागच्या चौकटीतून ओटा दिसत होता. ओट्याशी बाई, तोंड माझ्या दिशेला. पळी डाव्या हातात. पदर उजव्या खांद्यावर. कुंकू डाव्या भुवईकडे कललेलं. मी गर्रकन मागे वळून बघितलं. वहिनी. पळी उजव्या हातात, पदर डाव्या खांद्यावर. पुन्हा आरशात बघितलं. ती.

‘माझ्याकडं असं बगायचं नाय’ म्हटल्यावर त्या मुखदुर्बळ माणसानं बायकोचं ऐकलं होतं. समोरून बघणं सोडलं, तिच्याकडे पाठ केली आणि आरशातून बघत बसला, रोज संध्याकाळी, इतकी वर्षं. जसं दिसलं तसं काढलं. उलटं दिसतंय हे त्यांच्या लक्षात आलं नाही असं मी मानत नाही, यंत्रांची चित्रं काढणारा माणूस तो. पण पहिल्या चित्रांत तशी छापून आली आणि मग ती बाई तशीच ठरली असेल, किंवा बायकोला कळू नये म्हणून त्यांनी मुद्दाम तशी ठेवली असेल. यातलं खरं काय ते मला आजही माहीत नाही.

सांगावं की नाही? सांगितलं तर वहिनी सावध होतील, पुन्हा कधी मोकळेपणी ओट्याशी उभ्या राहणार नाहीत आणि भाऊंची बाई संपेल. न सांगावं तर त्या जांभूळला निघून जातील. मी फार विचार केला नाही. ‘‘वहिनी,’’ मी म्हटलं, ‘‘ती बाई सापडली.’’

त्या पळी हातात घेऊनच चौकटीत आल्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी आरशाकडे बघितलं, स्टुलाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

‘‘तुला कोनी शिकवलं असं सांगायला? ह्यांनी?’’

‘‘मी आत्ता डोळ्यांनी बघितलं. तुम्ही बसा इथे, मी ओट्याशी उभी राहते. तुम्हीच बघा.’’

‘‘ह्यांच्या जाग्यावर मी नाय बसत,’’ त्या म्हणाल्या, पण आवाजात जोर नव्हता. तेवढ्यात हमाल आले आणि त्यांनी कपाट उचललं. खरोखर तिघे होते.

सोनिवलीच्या घरात हॉल वेगळा, बेडरूम वेगळी, स्वयंपाकघर वेगळं. भाऊ हॉलच्या मधोमध उभे राहून चारी भिंतींकडे बघत होते. आता माहीत असल्यामुळे मला त्यांचा चेहरा बघवेना. हमालांनी विचारलं, ‘‘कपाट बेडरूम में ना?’’ कपाट आणखी कुठे ठेवतात? भाऊ काहीतरी बोलायला गेले आणि नेहमीप्रमाणे गप्प राहिले.

‘‘हितं,’’ वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी पुढच्या दारामागची भिंत दाखवली. स्वयंपाकघराच्या दारासमोर बरोबर तीच एक जागा होती. हमाल म्हणाले, दार अर्धंच उघडेल. मदतीला आलेले वहिनींचे भाऊ म्हणाले, घराची शोभा जाईल. वहिनी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, ‘‘अर्धंच उघडायला पायजे. पुरं उघडलं तर कोन बी घुसंल.’’ वहिनींनी दिलेलं कारण म्हटल्यावर कोणालाच नवल वाटलं नाही. टेबल कपाटाला लागून बसलं. भाऊंनी स्टूल ठेवलं, बसले, एकदा वर बघितलं आणि लगेच मान खाली घातली. त्यांचे कान लाल झाले होते.

मी निघाले तेव्हा वहिनी जिन्यापर्यंत आल्या. ‘‘ह्यांना सांगू नको,’’ कुजबुजल्या. ‘‘कललं का हात आखडंल त्यांचा.’’

त्या जांभूळला गेल्या नाहीत. ‘चौकशी’ येत राहिली. पदर उजवा, पळी डाव्या हातात. फक्त एक फरक पडला, आणि तो माझ्याशिवाय कोणाच्या लक्षात आला असेल असं वाटत नाही. सोनिवलीला गेल्यापासून चित्रातल्या बाईचं कुंकू बरोबर कपाळाच्या मधोमध आलं. मी भेटायला गेले तेव्हा वहिनींच्या कपाळाकडे बघितलं, तर तेही सरळ. ‘‘काय बगतंस?’’ त्या खेकसल्या. मी म्हटलं, काही नाही.

नंतर भाऊ गेले. काही आजारपण नव्हतं. सकाळी स्टुलावर बसले ते टेबलावर डोकं ठेवून तसेच राहिले. मला कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. दिवसकार्य झाल्यावर एका दुपारी मी सोनिवलीला गेले. दार अर्धं उघडलं.

‘‘कोन?’’ समोर मी दिसत होते तरी त्यांनी विचारलं. मी नाव सांगितलं तेव्हा आत घेतलं. कपाळ मोकळं होतं. त्या येऊन भाऊंच्या स्टुलावर बसल्या. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, ‘‘मी खाली भाजी घ्यायला गेले व्हते गं. मी घरात असते तर इचारलं असतं, रेडा तुमचाच कशावरून.’’

मला रडू आलं. त्यांना आलं नाही. त्या आरशाकडे बघत होत्या.

‘‘तू त्या दिवशी सांगितलंस ना, ते मी ऐकून घेतलं. खरं मानलं नाय.’’

‘‘मग कपाट इथे का ठेवलंत?’’

‘‘म्हटलं, बगू तर. मंग चित्रं आली पैल्यासारखी. तरी बी म्हटलं, कशावरून?’’

‘‘इतकी वर्षं तुम्ही एकदाही इथे बसून बघितलं नाहीत?’’

‘‘आनि नसती दिसली तर?’’ त्या म्हणाल्या. जगातल्या प्रत्येक गोष्टीची खात्री करून घेणारी ती बाई या एका गोष्टीची खात्री करायला घाबरली होती. ‘‘आता रोज बसते. पन मी हितं बसले का तिथं कोनच नसतं.’’

आरशात रिकामा ओटा दिसत होता. मी उठले. त्यांनी सांगायची वाट बघितली नाही. स्वयंपाकघरात गेले, पळी घेतली आणि ओट्याशी उभी राहिले.

‘‘अशी नाय,’’ मागून आवाज आला. ‘‘वाकून. पदर खोच. कमरंवर हात. तो नाय, दुसरा.’’

मी सांगतील तसं केलं. मग आवाज थांबला. मी मान फिरवून आरशात बघितलं असतं तर त्यांचा चेहरा मला दिसला असता. मी बघितलं नाही.

‘‘डाव्या हातात हाय पली,’’ वहिनी हळूच म्हणाल्या. ‘‘पदर उजवा.’’ आणि मग त्यांचा आवाज फुटला. ‘‘म्हंजे मीच व्हते गं बाय.’’

मी त्यांच्याजवळ जायला वळले, तशा त्या ओरडल्या, ‘‘हलू नको. अजून बगायचंय मना.’’